अरबी विशेषणं: नवशिक्यांसाठी पहिल्या महिन्याची वाट

अरबी शिकायला घेतली तेव्हा मी पहिली वही विशेषणांनीच भरली होती. डावीकडे अरबी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, पानामागून पानं. मग एके दिवशी 'मोठं घर नवं आहे' हे साधं वाक्य बोलायचा प्रयत्न केला आणि गाडी अडली. बैत म्हणजे घर, कबीर म्हणजे मोठा, जदीद म्हणजे नवा, तिन्ही शब्द तोंडपाठ. पण आधी काय, नंतर काय आणि ते 'अल' कुठे लावायचं, याचा पत्ता नाही. वही काही उपयोगाची निघाली नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा: वहीत विशेषण एकटं लिहू नका. नुसतं 'कबीर' लिहिण्यापेक्षा 'बैत कबीर' लिहा. शब्द दोन दिवसांत पाठ होतो, त्याला नामाशी जुळवून घ्यायला महिना जातो. हा लेख त्या महिन्यासाठी आहे.

आधी लिपीबद्दल थोडं. इथे सगळं देवनागरीत लिहिलंय, पण देवनागरीला अरबीतले काही फरक दाखवता येत नाहीत. अरबीत साधा 'स' आणि जड 'स' ही दोन वेगळी अक्षरं आहेत. 'त', 'द' आणि 'ह' यांच्याही जोड्या आहेत. जिथे ’ अशी खूण दिसेल तिथे 'ऐन' नावाचं अक्षर आहे, त्याचा आवाज घशातून, किंचित दाबून निघतो. नुक्त्याची अक्षरं मात्र गंभीरपणे घ्या. क़ हा पडजिभेपाशी उच्चारायचा, आणि ग़ म्हणताना गुळणी केल्यासारखा आवाज यायला हवा. क़रीब म्हणजे जवळचा आणि ग़रीब म्हणजे विचित्र, अनोळखी. 'तो माझा जवळचा माणूस आहे' म्हणायला जाऊन त्याला विचित्र ठरवाल. अरबीची २८ अक्षरं जितक्या लवकर शिकाल तितकं बरं. देवनागरी ही कुबडी आहे, पहिल्या दोन आठवड्यांपुरती.

पायरी १: घरात आहे ते आधी शोधा

मराठी माणूस अरबी विशेषणांच्या बाबतीत कोऱ्या पाटीने सुरुवात करत नाही. फारसीच्या वाटेने शेकडो अरबी शब्द मराठीत आले आणि इथलेच झाले. गाफील, लायक, हजर, जाहीर, कायम, मशहूर, मशगूल, मजबूत, मंजूर, गरीब, जईफ, फाजील, हैराण ही सगळी मुळात अरबी घडणीची विशेषणं.

ती अरबीत परत नेताना दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली उच्चाराची. अरबीतला जड 'द' फारसीत 'झ'सारखा उच्चारला जातो, आणि मराठीने फारसीचं ऐकलं. त्यामुळे आपला 'हजर' अरबीत हादिर होतो, 'फाजील'चा फ़ादिल आणि 'जईफ'चा द’ईफ. हा एक नियम कळला की बरेच ओळखीचे चेहरे दिसू लागतात. तसंच मराठीने शेवटचा स्वर लांबवलाय: आपण 'गाफील' म्हणतो, अरबीत तो ग़ाफ़िल, ऱ्हस्व. अरबीत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो, म्हणून इथे मराठी सवय सोडायची.

दुसरी गोष्ट अर्थाची, आणि इथे फसगत ठरलेली. अरबीत ग़रीब माणसाकडे भरपूर पैसा असू शकतो, कारण शब्दाचा अर्थ परका किंवा विचित्र. पैसे नसलेला तो फ़क़ीर. मदबूत म्हणजे भक्कम नव्हे, तर अचूक, नेमका. मंज़ूर म्हणजे पाहिलेला, दिसणारा. हैरान म्हणजे गोंधळलेला. आपल्या 'हैराण'मधला त्रास त्यात नाही. फ़ादिल म्हणजे गुणी, सज्जन. 'उरलेला, जादा' हाही अर्थ त्याच शब्दात आहे, आणि मराठीने नेमका तेवढाच उचलला. एखाद्या अरबाने कुणाला फ़ादिल म्हटलं तर ती स्तुती समजा.

पायरी २: विरुद्ध जोड्या, आणि त्यामागचा साचा

सुरुवातीला दहा जोड्या पुरेत. त्याहून जास्त घेऊ नका.

कबीर (मोठा) – सग़ीर (लहान)
जदीद (नवा) – क़दीम (जुना)
तवील (लांब, उंच) – क़सीर (आखूड, ठेंगणा)
क़रीब (जवळचा) – ब’ईद (दूरचा)
थक़ील (जड) – ख़फ़ीफ़ (हलका)
नज़ीफ़ (स्वच्छ) – वसिख़ (घाण)
सह्ल (सोपा) – स’ब (अवघड)
वासि’ (ऐसपैस) – दय्यिक़ (अरुंद)
हार्र (गरम) – बारिद (थंड)
ग़नी (श्रीमंत) – फ़क़ीर (गरीब)

थक़ीलमधला 'थ' आपला नाही. जिभेचं टोक दातांमध्ये धरून हवा सोडायची. क़दीम वस्तूंना लावा, माणसांच्या वयाला नको. वयाने मोठ्या माणसाला कबीर म्हणतात, मराठीत आपण 'मोठी माणसं' म्हणतो तसंच.

आता यादी पुन्हा मोठ्याने वाचा. कबीर, सग़ीर, जदीद, क़दीम, तवील, क़सीर... बहुतेकांचा ठेका एकच. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या मुळातून बनतो आणि ती व्यंजनं एका साच्यात ओतली जातात. अरबी वैयाकरण साचा दाखवायला 'फ़-’-ल' ही तीन अक्षरं वापरतात, जसे आपण वृत्त मोजायला गण वापरतो. क-ब-र हे मूळ फ़’ईल साच्यात घातलं की कबीर होतं, ज-म-ल घातलं की जमील (सुंदर).

असे चार साचे सुरुवातीला भरपूर काम करतात. फ़’ईल आत्ताच पाहिला. फ़ा’इल साच्यात हादिर, बारिद, ’आदिल (न्यायी), जाहिल (अडाणी) बसतात. मफ़’ऊल साच्यातले शब्द 'ज्यावर काही घडलंय' असा अर्थ देतात: मशहूर, मशग़ूल (कामात गुंतलेला), मफ़्तूह (उघडा), मकसूर (मोडलेला). चौथा साचा फ़’लान, आणि तो मला फार आवडतो, कारण त्यात शरीराच्या आणि मनाच्या तात्पुरत्या अवस्था येतात: त’बान (थकलेला), ’अत्शान (तहानलेला), जौ’आन (भुकेला), कस्लान (आळसावलेला), ग़द्बान (चिडलेला). आपला हैराण याच कुटुंबातला. नवा शब्द कानावर पडला आणि त्याचा ठेका असा असला, की निम्मा अर्थ न विचारता कळतो.

पायरी ३: 'अल'ची जागा

इथे घाई करू नका. माझ्या मते पहिल्या महिन्यातला अर्धा वेळ या एका पायरीला द्यावा.

अरबीत विशेषण नामाच्या मागून येतं. 'मोठं घर' म्हणायचं तर बैत कबीर, म्हणजे शब्दशः 'घर मोठं'. 'आहे'साठी साध्या वर्तमानकाळी वाक्यात क्रियापद लागत नाही. मग 'मोठं घर' आणि 'घर मोठं आहे' यांत फरक कसा करायचा? सगळा भार 'अल'वर. 'अल' लावलं की नाम ठरावीक होतं: बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला माहीत असलेलं, ते अमुक घर.

बैत कबीर – (कुठलंतरी) मोठं घर
अल-बैत अल-कबीर – ते मोठं घर
अल-बैत कबीर – घर मोठं आहे

तीनही ओळींत तेच दोन शब्द. दोन्हींना 'अल' नाही, तर विशेषण नामाला चिकटलेलं. दोन्हींना 'अल' आहे, तरीही चिकटलेलंच. नामाला आहे आणि विशेषणाला नाही, तर वाक्य पूर्ण झालं. दुसऱ्या ओळीवर थांबलात तर अरब ऐकणारा वाट बघत राहतो: ते मोठं घर... त्याचं काय? पुढे काहीतरी हवं. अल-बैत अल-कबीर जदीद. ते मोठं घर नवं आहे. मी अडलो होतो ते वाक्य हेच.

सराव असा करा. एक नाम घ्या, एक विशेषण घ्या, तिन्ही ओळी बोला. मग विशेषण बदला. रोज दहा मिनिटं, दहा जोड्या. लिहून नको, तोंडाने; कारण 'अल'चा 'ल' पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो आणि ते जिभेला समजायला हवं. अरबीची २८ अक्षरं बरोबर अर्धी वाटलेली आहेत. १४ 'चांद्र' अक्षरांपुढे 'ल' ऐकू येतो: अल-कबीर, अल-जदीद, अल-क़दीम. १४ 'सौर' अक्षरांपुढे 'ल' गिळला जातो आणि पुढचं अक्षर दुप्पट होतं: अस-सग़ीर, अत-तवील, अन-नज़ीफ़, अथ-थक़ील. यादी पाठ करायची गरज नाही. जिभेचं टोक दातांपाशी जाऊन जी अक्षरं निघतात ती जवळपास सगळी सौर.

पुस्तकांत आणि बातम्यांत तुम्हाला बैतुन कबीरुन, अल-बैतु-ल-कबीरु असे शेपटीवाले उच्चार भेटतील. ते विभक्तीचे प्रत्यय. विशेषण तेही नामाकडून उचलतं. रोजच्या बोलण्यात ते गळतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात कानाने ओळखता आले तरी पुरे.

पायरी ४: स्त्रीलिंग

इथे मराठी माणसाला आराम आहे. चांगला मुलगा, चांगली मुलगी ही जुळणी आपण जन्मापासून करतो, आणि अरबीत नपुंसकलिंग नसल्याने एक लिंग कमीच. विशेषणाच्या शेवटी 'आ'चा आवाज जोडला की झालं: कबीर–कबीरा, जदीद–जदीदा. लिहिताना शेवटी गोल, दोन टिंबांचं अक्षर येतं, त्याला ता मर्बूता म्हणतात. सय्यारा (गाडी) स्त्रीलिंगी, म्हणून सय्यारा जदीदा, अस-सय्यारा अल-जदीदा, अस-सय्यारा जदीदा. मराठीत 'सुंदर' आणि 'हुशार' लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, तशी सूट अरबीत सहसा मिळत नाही. जमील मुलगा, तर मुलगी जमीला.

अडचण फक्त एवढी की काही नामांना ता मर्बूता नसूनही ती स्त्रीलिंगी असतात. शम्स (सूर्य), अर्द (जमीन), नार (आग), हर्ब (युद्ध), दार (घर, वाडा), आणि शरीराचे जोडीने असणारे अवयव: यद (हात), ’ऐन (डोळा), रिज्ल (पाय). उलट ख़लीफ़ा शेवटी 'आ' असूनही पुल्लिंगी, म्हणून ख़लीफ़ा ’आदिल. मराठीत सूर्य आणि चंद्र दोघेही पुरुष. अरबीत सूर्य बाई आणि चंद्र (क़मर) बुवा. अश-शम्स हार्रा, सूर्य तापलाय.

पायरी ५: वस्तू अनेक झाल्या की 'ती' एक होते

हा नियम ऐकून प्रत्येक नवशिका एकदा तरी चकतो. माणसं सोडून बाकी कशाचंही अनेकवचन असलं, तर त्याचं विशेषण एकवचनी स्त्रीलिंगी येतं. बैत पुल्लिंगी, त्याचं अनेकवचन बुयूत. 'मोठी घरं' म्हणजे बुयूत कबीरा. किताब पुल्लिंगी, 'नवी पुस्तकं' म्हणजे कुतुब जदीदा. मूळ लिंग काहीही असो, घोळका झाला की तो व्याकरणात एक बाई होतो.

हा नियम नकाशावर लिहिलेला आहे. संयुक्त अरब अमिरातीचं अरबी नाव अल-इमारात अल-अरबिय्या अल-मुत्तहिदा. इमारात हे इमाराचं अनेकवचन, सात अमिराती आहेत. पण विशेषणं बघा: अरबिय्या आणि मुत्तहिदा (एकत्र आलेली), दोन्ही एकवचनी स्त्रीलिंगी. नाम ठरावीक, म्हणून दोघींना 'अल'. संयुक्त राष्ट्रं अल-उमम अल-मुत्तहिदा, अमेरिका अल-विलायात अल-मुत्तहिदा. हे विलायात म्हणजे आपल्या 'विलायत'चं अनेकवचन. एवढी तीन नावं पाठ झाली तर तिसरी आणि पाचवी पायरी दोन्ही खिशात.

माणसांच्या बाबतीत मात्र विशेषणालाही अनेकवचन लागतं, आणि ते बऱ्याचदा शब्द आतून मोडून बनतं: कबीर–किबार, जदीद–जुदुद, फ़क़ीर–फ़ुक़रा. शेवटचा साचा ओळखीचा वाटेल. अमीरचं उमरा याच साच्यातलं, ज्यातून आपले उमराव आले. ही रूपं नियमाने बनवत बसू नका, विशेषणाबरोबरच पाठ करा. स्त्रियांसाठी सोपं आहे, 'आत' जोडायचा: मु’अल्लिमात जदीदात, नव्या शिक्षिका. दोनच असतील तर द्विवचन: बैतान कबीरान, दोन मोठी घरं. ते सध्या राहू द्या.

पायरी ६: रंग

रंगांचा साचा वेगळा. पुल्लिंगी रूप 'अ'ने सुरू होतं, स्त्रीलिंगी 'आ'वर संपतं, आणि मधली व्यंजनं तीच राहतात.

अहमर – हम्रा (लाल)
अख़्दर – ख़द्रा (हिरवा)
अज़्रक़ – ज़र्क़ा (निळा)
अस्फ़र – सफ़्रा (पिवळा)
अब्यद – बैदा (पांढरा)
अस्वद – सौदा (काळा)

ही जोडी डोक्यात बसवायला एक उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान अरबीत अल-बैत अल-अब्यद. मोरोक्कोतलं कॅसाब्लांका शहर अरबीत अद-दार अल-बैदा. दोन्हींचा अर्थ 'पांढरं घर'. बैत पुल्लिंगी म्हणून अब्यद, दार स्त्रीलिंगी म्हणून बैदा. तांबडा समुद्र अल-बह्र अल-अहमर, काळा समुद्र अल-बह्र अल-अस्वद. स्पेनमध्ये ग्रानाडाचा अल्हांब्रा राजवाडा म्हणजे अल-हम्रा, 'ती लाल', आणि स्पेनमधलीच ग्वादालकिवीर नदी म्हणजे अल-वादी अल-कबीर. मृत समुद्राचं नाव तर मराठी माणसाला फोडूनही सांगायला नको: अल-बह्र अल-मय्यित.

पायरी ७: जास्त मोठा, सगळ्यात मोठा

तुलनेचा साचाही 'अ'नेच सुरू होतो: कबीर–अकबर, सग़ीर–अस्ग़र, तवील–अतवल, सह्ल–अस्हल. मुळाची शेवटची दोन व्यंजनं एकच असली तर ती जोडली जातात: जदीद–अजद्द, ख़फ़ीफ़–अख़फ़्फ़. 'पेक्षा'साठी मिन वापरा. अल-बिन्त अतवल मिन अल-वलद, मुलगी मुलापेक्षा उंच आहे. मुलगी असूनही अतवल बदललं नाही, हे लक्षात आलं का? मिनबरोबर हे रूप लिंगाप्रमाणे हलत नाही.

'सगळ्यात मोठं घर' म्हणताना मात्र क्रम उलटतो आणि 'अल' गळतं: अकबर बैत. आतापर्यंत विशेषण मागे ठेवायची सवय लावली आणि आता ते पुढे. वैताग येतो खरा, पण निदान मराठी क्रमाशी जुळतं. फ़ादिलचं याच साच्यातलं रूप अफ़दल, म्हणजे अधिक चांगला. आपल्याकडे ते अफझल या नावात ऐकू येतं. तोच जड 'द', तोच 'झ'.

पायरी ८: 'फार' आणि 'नाही'

'फार'साठी जिद्दन, आणि ते विशेषणाच्या मागे: अल-बैत कबीर जिद्दन. नकारासाठी विशेषणापुढे ग़ैर ठेवा. ग़ैर हादिर म्हणजे गैरहजर, ग़ैर मशहूर म्हणजे अप्रसिद्ध. हा तुकडा मराठीत आपण इतका वापरतो की शिकायला काहीच उरत नाही. आख्खं वाक्य नकारार्थी करायचं असेल तर लैस: अल-बैत लैस कबीर, आणि स्त्रीलिंगी नामाला लैसत.

एक गाठ सोडवून घ्या

'गाडीचं दार' म्हणजे बाब अस-सय्यारा. आता यात 'नवा' कुठे घालायचा? 'बाब' आणि 'अस-सय्यारा' यांच्यामध्ये काही शिरू शकत नाही, म्हणून विशेषण दार असो वा गाडी, कुणाचंही असलं तरी शेवटीच येतं. मग नवं काय, हे कसं कळणार?

बाब अस-सय्यारा अल-जदीद – गाडीचं नवं दार
बाब अस-सय्यारा अल-जदीदा – नव्या गाडीचं दार

बाब पुल्लिंगी, सय्यारा स्त्रीलिंगी, म्हणून एका 'आ'ने निकाल लागला. इथवर आलात आणि हा फरक न थांबता ऐकू आला, तर चौथी पायरी खरोखर मुरली असं समजा. नामं दोन्ही एकाच लिंगाची असली तर अरबही संदर्भावरच विसंबतात, किंवा शेपटीच्या विभक्तीवर.

रस्त्यावर उतरल्यावर

वर जे शिकलात ती प्रमाण अरबी: वर्तमानपत्रांची, भाषणांची, पुस्तकांची. घरात आणि बाजारात लोक आपापली बोली बोलतात. कबीर, जदीद, तवील हे शब्द थोड्याफार फरकाने बहुतेक बोलींत समजतात. सगळ्यात जास्त बदलतो तो नेमका सगळ्यात जास्त लागणारा शब्द, 'चांगला'. प्रमाण अरबीत जय्यिद. इजिप्तमध्ये कुवय्यिस, सीरिया-लेबनॉनकडे म्नीह, आखातात आणि इराकमध्ये ज़ेन, मोरोक्कोत मज़्यान. ज्या भागातल्या माणसांशी बोलायचंय तिथला 'चांगला' वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि अर्थातच एकटा नको, पुढे एखादं नाम ठेवून.